मावशीचं गरम देशातलं लग्न

माझ्या मावशीने चोपन्नाव्या वर्षी लग्न करायचं ठरवलं आणि ते आम्हाला सूप वाढता वाढता सांगितलं.

"पुढच्या महिन्यातला तिसरा शनिवार मोकळा ठेवा," ती म्हणाली. "माझं लग्न आहे. मीठ कमी वाटलं तर वरून घ्या."

आईच्या हातातला चमचा टणकन ताटलीत पडला. मी मीठ घेतलं, ढवळलं, एक घोट घेतला आणि मग कुठे आपण काय ऐकलं ते माझ्या डोक्यात शिरलं.

"कोणाशी?" आईने विचारलं.

"काचघरातल्या माळ्याशी."

"आणि हे तू आत्ता सांगतेस, ताई?"

"सकाळी त्यांनी विचारलं, दुपारी मी हो म्हटलं, संध्याकाळी तुम्हाला सांगतेय. याहून लवकर कसं सांगू?"

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आजी-आजोबा एका वर्षाच्या आत पाठोपाठ गेले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि आई बारा. मावशीने कॉलेज सोडलं आणि हॉस्पिटलच्या मागच्या मोठ्या लाँड्रीत चार महिन्यांसाठी म्हणून नोकरी धरली. त्या चार महिन्यांना आता पस्तीस वर्षं झाली होती. ती रोलरवर काम करायची. रोलर म्हणजे खोलीभर लांबीची, वाफेवर तापणारी इस्त्री. एका बाजूने दोघी ओली चादर आत सरकवतात, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक आणि हात भाजेल इतकी गरम बाहेर येते. मावशीच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, त्या इस्त्रीच्या खुणा होत्या. म्हणून ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं घालायची.

त्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींबरोबर शहरातल्या सगळ्या लग्नाच्या हॉलांचे टेबलक्लॉथ यायचे. सोमवारी सकाळी ते गठ्ठे सोडताना मावशीला नुसत्या डागांवरून शनिवारचं लग्न कसं झालं ते कळायचं. लहानपणी मी शाळेच्या सुट्टीत तिच्याबरोबर जायचे, तेव्हा ती मला वाचून दाखवायची. "हे बघ, मेण पार कापडावर ओघळलंय. मेणबत्त्या बुडापर्यंत जळल्या. भाषणं लांबली गं. आणि हा इथला केक बघ, कोणी खाल्लाच नाही, नुसता बोटाने उकरलाय. इथे मुलाचा मामा बसला असणार." मामाच का, असं मी विचारलं तर म्हणायची, "डागाला वळण असतं."

इतक्या लग्नांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या बाईला स्वतःचं लग्न कसं हवं ते नेमकं माहीत होतं. सूप संपेपर्यंत तिने ते सांगितलं. लग्न घरी करायचं, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. हॉल नको, कारण हॉलमधल्या खुर्च्या कधी एकमेकींशी जुळत नाहीत. आणि लग्न गरम देशातलं हवं.

"गरम देशातलं म्हणजे?" आई म्हणाली. "बाहेर नळाचं पाणी गोठलंय."

"म्हणजे पानं ही एवढी मोठी. फुलं भडक. अननस कापायचे. आणि कोणीही स्वेटर घालून बसायचं नाही."

आई माझ्याकडे वळली. "हिला ताप तर नाही ना, बघ."

ताप नव्हता. या सगळ्याचं कारण ते माळीबुवा होते. सार्वजनिक बागेतल्या काचघराची देखभाल त्यांच्याकडे होती. उन्हाळ्यात काचेखाली ओढायचे पांढरे पडदे ते दरवर्षी लाँड्रीत टाकायचे. दोन वर्षांपूर्वी ते खिशातून टेप काढून मावशीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पडदे एक वीत आखूड झालेत."

"पडदे आहेत तेवढेच आहेत," मावशी म्हणाली. "तुमचं काचघर वाढलं असेल."

ते तडक निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. "मोजलं. वाढलेलं नाही."

मावशी इतकी हसली की रोलरवरची चादर तिरकी गेली. त्यांना मात्र आपण विनोद केलाय याचा पत्ताच नव्हता. पडदे का महत्त्वाचे आहेत ते दाखवायला त्यांनी तिला काचघरात बोलावलं. ती गेली ती ऐन हिवाळ्यात, कोट, मफलर, दोन मोजे अशी. आत पाय ठेवला आणि पाच मिनिटांत तिने कोट काढला, मग मफलर, मग स्वेटर. केळीखालच्या बाकावर ती दुपारभर बसून राहिली.

"पस्तीस वर्षं मला घाम आलाय तो काम करून," ती मला नंतर म्हणाली. "नुसतं बसून घाम येतो हे मला माहीतच नव्हतं. काय सुख आहे गं ते."

मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. याद्या करणं, वेळा देणं, लोकांना खुर्चीत थोपवून धरणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे लग्नाची तयारी आपोआप माझ्या गळ्यात पडली. मी वही घेतली. पाहुणे बावीस. खोल्या दोन. खिडक्या तीन, त्यातली एक नीट लागत नाही. निमंत्रणावर मावशीने स्वतः एक ओळ घालायला लावली: 'कोट, स्वेटर व मफलर दाराशी उतरवून ठेवावेत. आत पातळ कपडे असावेत.' ती ओळ वाचून लाँड्रीच्या मॅनेजरांनी मला फोन केला आणि खालच्या आवाजात विचारलं, "पातळ म्हणजे साधारण किती पातळ?"

झाडांची सोय मात्र नशिबानेच झाली. त्याच हिवाळ्यात काचघराच्या अर्ध्या छताच्या काचा बदलायच्या होत्या, त्यामुळे त्या बाजूची झाडं तीन आठवडे दुसरीकडे हलवणं भाग होतं. लहान कुंड्या कर्मचाऱ्यांनी घरी सांभाळाव्यात, असं बागेच्या साहेबांनीच सांगितलं. माळीबुवांनी साठ कुंड्या मावशीच्या घरी सांभाळायला उचलल्या: ऑर्किड, लाल अँथुरियम, नेचे, हातभर उंचीचे ताड, अननसाची आठ झाडं. राहिली ती केळ. तिच्यासाठी लाँड्रीच्या बॉयलरखोलीत जागा ठरली, कारण शहरात तेवढी गरम दुसरी जागा नव्हती.

"लग्नाच्या शनिवारीच तिकडे न्यायची आहे," माळीबुवा म्हणाले. "वाटेत लग्नाला हजेरी लावून जाईल."

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. ते सगळंच गंभीरपणे म्हणायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आईकडे नीट बघितलं आणि सांगितलं, "तुम्ही खिडकीजवळ बसत जा. तुम्हाला उजेड कमी पडतोय." ते गेल्यावर आई दोन तास धुसफुसत होती. "मी काय कुंडी आहे? काय हे ताईचे माळी!" पण संध्याकाळी बघते तर खुर्ची खिडकीजवळ सरकवलेली.

आईचा विरोध तसा तोंडदेखला नव्हता. कचेरीत जा, दोन सह्या करा, चार माणसांना जेवायला बोलवा, असं तिचं म्हणणं. "आयुष्यभर सगळ्यांत शहाणी म्हणून वावरलीस, आणि आता हे काय थेर?" असं तिने मावशीला फोनवर सुनावलं. मावशी म्हणाली, "शहाणपण पुष्कळ झालं. तू पानं शिवायला येतेस का?" आणि आई, तोंडाचा पट्टा चालूच ठेवून, शिवणयंत्र घेऊन गेली.

पानं शिवायची होती लाँड्रीतून बाद झालेल्या चादरींची. मावशीने त्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनमध्ये हिरव्या रंगात टाकल्या. बाहेर आल्या त्या निळ्या-हिरव्या, औषधाच्या बाटलीसारख्या.

"पानं अशी असतात का?" आई म्हणाली.

"हा समुद्र आहे," मावशीने जागच्या जागी ठरवलं. "पानं उद्या."

दुसऱ्या दिवशी पानांचा रंग बरोबर उतरला. पण मशीन नीट धुवायचं राहिलं आणि त्यानंतर एका हॉटेलातल्या आचाऱ्यांचे पंचवीस पांढरे एप्रन कोवळ्या काकडीच्या रंगाचे निघाले. मॅनेजरांचे डोळे पांढरे झाले. पस्तीस वर्षांत मावशीच्या हातून कापड बिघडण्याची ती पहिली वेळ. ते एप्रन तिने तीन वेळा धुतले, तरी एक हिरवी झाक राहिलीच. शेवटी ती स्वतः ते घेऊन माफी मागायला गेली. हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने एप्रन उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "पुढच्या वेळी थोडा गडद करून मिळेल का?"

लग्नाच्या आधीचा रविवार आम्ही तिघींनी मावशीच्या घरी पानांत तारा ओवण्यात घालवला. तार ओवली की पान वाकवून उभं करता यायचं. आईने मावशीचा लग्नाचा ड्रेसही शिवत आणला होता, पिकलेल्या पपईच्या रंगाचा. तो अंगावर धरून बघताना आई म्हणाली, "बाह्या नकोत म्हणालीस. हात दिसतील हं."

"दिसू देत. तिथे गरम असणार आहे."

आईने ड्रेस घडी करून ठेवला, एक पान उचललं, आणि बराच वेळ तार ओवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "माझ्या लग्नात तू काय घातलं होतंस, आठवतं?"

"छे. पंचवीस वर्षं झाली."

"मला आठवतं. लाँड्रीचा निळा डगला. तू कामावरून थेट आली होतीस. फोटोत मागच्या ओळीत आहेस, वरचं बटण उघडं. आणि मी तुला म्हटलं होतं, ताई, आजच्या दिवशी तरी जरा बरे कपडे घालायचे."

"नवरी होतीस तू. नवरीने चिडायचंच असतं."

"इतकं काय अडलं होतं कामावर?"

मावशीने तार दातात धरली होती, ती काढली. "तुझ्या हॉलचे टेबलक्लॉथ त्या दिवशी सकाळीच आले होते. दुसरी कोणी असती तर कडांना चुण्या राहिल्या असत्या. म्हटलं, आपणच घालू रोलरवर. मग उशीर झाला."

मला ही गोष्ट माहीत नव्हती आणि आईलाही नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिने हातातलं पान उगीचच दोनदा सरळ केलं. नाक पुसलं. आणि मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "या शनिवारी तू लाँड्रीकडे नुसती फिरकलीस ना, तर तंगडी मोडून ठेवीन. सांगून ठेवते."

"बरं बाई," मावशी म्हणाली.

शनिवार उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, लोकांच्या तोंडातून वाफा. लग्न साडेअकराला होतं. सकाळी आठला मी लाँड्रीच्या गाडीतून काचघराकडे निघाले. गाडी चालवायला मावशीच्या खात्यातली तिची जोडीदारीण होती, रोलरच्या दुसऱ्या टोकाला वीस वर्षं उभी राहिलेली. तिला सगळे पैलवान म्हणत, कारण ओल्या चादरींची पेटी ती एका हाताने सरकवायची. केळीला थंडी लागू नये म्हणून पैलवानने अख्खी गाडी रोलरवरून नुकत्याच उतरलेल्या चादरींनी भरली होती. दार उघडलं की बेकरीत शिरल्यासारखी ऊब यायची.

माळीबुवा लग्नाच्या सुटात, त्यावर बागेचं एप्रन बांधून तयार होते. आम्ही केळीला आठ गरम चादरींत गुंडाळलं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, आणि कपड्यांच्या चाकाच्या पेटीवर आडवी करून गाडीत चढवली. शेंडा बाहेर राहिला, तो माळीबुवांनी मांडीवर घेतला. सिग्नलला शेजारच्या बसमधल्या एका आजीबाईंनी ते बघितलं आणि हळहळून मान हलवली.

इमारतीच्या दारातून केळ आत आली. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत आली. आणि तिथे अडकली.

"मी मोजलं होतं," मी म्हणाले. माझ्या वहीत आकडा होता. "वळणावर चार बोटं उरायला हवीत!"

माळीबुवांनी शेंड्यावरची चादर सैल केली, आत डोकावले आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी मोजलंत," ते म्हणाले. "त्यानंतर दोन पानं आली." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी रोज तिच्याजवळ असतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

आम्ही तिरकी केली, उलटी केली, बुंध्याकडून नेऊन बघितली. पैलवानने खांदा लावला. केळ इंचभर हलेना. एव्हाना आई वरून खाली आली होती, हातात सेफ्टी पिनांचा डबा. तिने एक नजर टाकली. "वरची दोन पानं छाटा की. परत येतील."

माळीबुवांनी शेंड्यावरची चादर पुन्हा घट्ट ओढून घेतली.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून मावशीने कठड्यावरून डोकं बाहेर काढलं. केसांत रोलर्स, खांद्यावर टॉवेल. "काय झालं?"

"वर येत नाही!" मी ओरडले.

"मग तिथेच उभी करा!"

"आणि लग्न?"

"मग लग्न खाली," मावशी म्हणाली. "जिन्यात पुष्कळ जागा आहे. आणि खुर्च्याही लागणार नाहीत."

केळ तळमजल्यावर, जिन्याच्या मधल्या मोकळ्या चौकात उभी केली. तिथे तिला वर वाढायला तीन मजल्यांची जागा होती. चादरी सोडल्या तशी पानं एकेक करून उलगडली आणि सगळ्यांत वरचं पान पहिल्या मजल्याच्या कठड्याच्याही वर गेलं. घरात नेली असती तर छताला डोकं टेकून बिचारी कुबडी उभी राहिली असती. पण माळीबुवांनी खिशातून थर्मामीटर काढून बुंध्याला टांगलं आणि ते बघून आमचा आनंद ओसरला. आठ अंश.

"अर्धा तास काढेल," ते म्हणाले. "पुढे पानं काळी पडतील."

दहा वाजले होते. तळमजल्यावरच्या घराचं दार उघडलं आणि निवृत्त संगीतशिक्षक बाहेर आले. त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. दारातच झाड बघून त्यांनी चष्मा पुसला. मी घाईघाईने सगळं सांगितलं. मास्तर वळले, आपलं दार भिंतीपर्यंत सताड उघडलं, खाली पायपुसणं अडकवलं आणि आत जाऊन शेगडी मोठी केली. "घरातली ऊब काही माझ्या एकट्याच्या बापाची नाही," ते म्हणाले. "येऊ दे बाहेर."

त्यावरूनच आईला सुचलं. सेफ्टी पिनांचा डबा माझ्या हातात कोंबून ती जिना चढू लागली. पहिल्या मजल्यावरची दोन्ही दारं तिने वाजवली. तिथले लोक निमंत्रितच होते, लगेच उघडली. मग ती दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथल्या नवरा-बायकोशी मावशीचं चार वर्षं बोलणं नव्हतं. भांडण वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून झालं होतं आणि निमंत्रण अर्थातच नव्हतं. हे आईला चांगलं माहीत होतं.

तिने बेल दाबली. दार बोटभर उघडलं.

"मी नवरीची धाकटी बहीण," आई म्हणाली. "आज माझ्या ताईचं लग्न आहे. तिने आमच्यासाठी आयुष्य घालवलंय आणि तिला आज एक गरम जिना हवाय. तुमचं दार दोन तास उघडं ठेवाल का?"

आतल्या बाईने दार आणखी उघडलं. "लग्न? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं?" मग मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "अहो, शर्ट बदला." आणि आईला, "आम्हाला बोलावणं आहे का?"

"आत्ता दिलं की," आई म्हणाली.

साडेदहापर्यंत इमारतीची आठच्या आठ दारं उघडी होती. कोणी हीटर उंबऱ्यावर आणून ठेवले, कोणी ओव्हन रिकामाच पेटवून दार उघडं टाकलं. मास्तरांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्याची वाफ कठड्यांवर चढू लागली. समुद्राच्या चादरी आम्ही वरून खालपर्यंत सोडल्या. दर पायरीवर एक कुंडी, कठड्याला आईची पानं. माळीबुवा थर्मामीटरसमोर उभे राहून आकडे सांगत होते आणि ते ओरडून मजल्यामजल्यावर पोहोचवले जात होते. "बारा!" "पंधरा!" सोळाला वरून टाळ्या पडल्या.

पाहुणे आले ते जिन्यात बसत गेले, नाट्यगृहासारखे, वरच्या पायऱ्यांवरचे खालच्यांच्या डोक्यावरून बघत. कोट आणि स्वेटर मास्तरांच्या पलंगावर टाकले, तो ढीग छातीएवढा झाला. मॅनेजर फुलाफुलांच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आले आणि पहिली दहा मिनिटं हात छातीशी घट्ट घेऊन बसले. बावीस पाहुण्यांचे सदतीस झाले होते.

विवाह नोंदणी करणाऱ्या बाई जाडजूड कोटात, फाइल पोटाशी धरून आल्या. त्यांनी केळ पाहिली, जिना पाहिला. "अर्जात लग्नाचं ठिकाण राहतं घर लिहिलंय. हा जिना आहे."

मग मास्तर म्हणाले, "बाईसाहेब, आज आठही घरांची दारं उघडी आहेत. घर कुठे संपतं आणि जिना कुठे सुरू होतो, ते तुम्हीच दाखवा."

बाईंनी फाइल उघडली, पत्त्यावर बोट ठेवलं. "इमारतीचं नाव बरोबर आहे," त्या स्वतःशी म्हणाल्या. "मजला लिहायला रकानाच नाही." त्यांनी कोटाची बटणं सोडली. "बोलवा नवरीला."

मावशी वरून उतरत आली. पपईच्या रंगाचा ड्रेस, उघडे हात, कानामागे लाल फूल. तीन जिने उतरायला तिला फार वेळ लागला, कारण दर पायरीवर कोणीतरी तिचा हात धरत होतं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. तिथल्या बाईने पुढे होऊन तिच्या कानामागचं घसरलेलं फूल नीट खोवलं. "थोडं पाणी पडलं तर काय एवढं," बाई पुटपुटली. "पडत नाही आता. मी दोरी बदलली," मावशी म्हणाली. एवढ्यावर चार वर्षं मिटली.

खाली केळीशेजारी ते दोघं उभे राहिले. बाईंनी कायद्यातली वाक्यं वाचली, मग माळीबुवांना विचारलं, "या विवाहाला तुमची संमती आहे?"

माळीबुवा मावशीच्या खांद्यावरून मागे बघत होते.

"एकोणीस," ते म्हणाले.

सगळा जिना हसायला लागला, तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत. मॅनेजर तर कठड्याला धरून हसत होते. माळीबुवा कानापर्यंत लाल झाले. "संमती आहे," ते म्हणाले. "पूर्ण आहे. गेल्या वर्षीपासून आहे."

मावशीने तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "आहे" म्हणून मोकळी झाली आणि पेन मागितलं. साक्षीदार म्हणून आईने सही केली. सही करताना कागद सरकू नये म्हणून माळीबुवांनी तो धरला, आणि आई म्हणाली, "थँक्यू, भावोजी." त्यांना ती पहिल्यांदाच असं म्हणाली. मावशीने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

मग अननस कापले, सरबतं वाटली, केक हातोहात संपला. मास्तरांनी दारात पेटी आणून वाजवली आणि दुसऱ्या मजल्यावरचा नवरा बरा गातो, हा शोध इमारतीला त्या दिवशी लागला. भाषण एकच झालं, पैलवानचं. ती उभी राहिली, म्हणाली, "वीस वर्षं मी हिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरलं. आता तुम्ही धरा," आणि खाली बसली. दुपारी दोनला एकवीस अंश होते, सगळ्यांना घाम आला होता आणि कोणालाच घरी जायचं नव्हतं. तीनला केळीला पुन्हा गरम चादरींत गुंडाळून आम्ही लाँड्रीत पोहोचवलं. बॉयलरखोलीत ती तीन आठवडे राहिली, आणि मॅनेजर जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी बोलतात, अशी बातमी होती. काचघराचं काम संपल्यावर ती आपल्या जागी गेली. एकच पान फाटलं होतं, तेही रस्त्यात वाऱ्याने.

काका, म्हणजे माळीबुवा, मावशीच्या घरी राहायला आले. ती आता आठवड्यातून तीनच दिवस लाँड्रीत जाते. पुढच्या वर्षी दोघं खरोखरच्या गरम देशात, समुद्राकाठी पंधरा दिवस राहून आले. चौथ्या दिवशी तिचा फोन आला होता. "फार उकडतं गं इथे. आणि तुझे काका बाजारात दिसेल त्याला सांगतात की तुमची झाडं फार दाट लावलीत." पण आवाजावरून ती मजेत होती. पंधराच्या पंधरा दिवस काढून, नाक सोललेलं घेऊन परतली.

आणि आई. माझी आई कोणाकडेही जायच्या आधी दोनदा फोन करणारी बाई. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा विचारून, वेळ ठरवून, हातात काहीतरी घेऊन जाणारी. हल्ली रविवारी सकाळी ती चपला घालते आणि म्हणते, "जरा ताईकडे जाऊन येते." परत येते ती संध्याकाळी. मी विचारते, इतका वेळ काय केलंत? ती म्हणते, काही नाही, बसलो होतो.